पर्यावरणावरची गेम पाहिजे, पण त्यात कंपनीचा नाला नको म्हणतात. काय करावं?

नववी_गल्ली
मंडळी, सल्ला पाहिजे आणि जरा डोकंही मोकळं करायचंय, त्यामुळं लांबण लागली तर सांभाळून घ्या. राजारामपुरीत आमचा छोटा स्टुडिओ आहे, मोबाईल गेम करतो, बहुतेक कामं पुण्या-बेंगळुरूची. यावेळी पहिल्यांदाच आपल्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या कंपनीनं बोलावलं. नाव घेत नाही, कुणी ओळखायचा खेळ पण खेळू नका. त्यांना सस्टेनेबिलिटीवर गेम पाहिजे, मराठीत, पाचवी ते नववीच्या पोरांसाठी, शाळाशाळांतून डाउनलोड करून घेणार. पैसे बरे आहेत. खरं सांगायचं तर आमच्या मानानं लई बरे आहेत.

त्यांनी सांगितलेली गेम अशी: पोरगं म्हणजे 'नदीचा मित्र'. घरात नळ गळत असेल तर बंद करायचा, प्लास्टिक गोळा करायचं, गणपती काहिलीत विसर्जन करायचा, झाडं लावायची, पॉइंट मिळवायचे आणि पंचगंगा हळूहळू निळी होत जाणार. मी पहिल्या मीटिंगला कागदावर नकाशा काढून नेला होता. वर प्रयाग चिखलीचा संगम, मग शहर, जयंती नाला, मग एमआयडीसी, साखर कारखाने, इचलकरंजीची प्रोसेस हाऊसं (कापड रंगवणारे कारखाने), खाली शिरोळ आणि शेवटी नृसिंहवाडी. खेळणारा कुठंही जाऊन वॉल्व्ह फिरवू शकतो अशी कल्पना. साहेबांनी नकाशा बघितला, छान आहे म्हणाले, पेननं मधल्या, म्हणजे कारखान्यांच्या, तुकड्याभोवती गोल केला आणि म्हणाले एवढं काढा, मुलांना निगेटिव्ह वाटतं.

दुसरं म्हणजे त्यांच्या एजन्सीनं फीचरची यादी पाठवलीय. रोज उघडली नाही तर लावलेलं झाड वाळणार. स्ट्रीक (रोज न चुकता खेळायची साखळी) तुटली की रडका मासा. रात्री नऊला नोटिफिकेशन. 'सरप्राइज बियाणं पेटी', आत काय निघेल ते नशीब. शाळांचा लीडरबोर्ड. म्हणजे पोरानं फोन खाली ठेवला की मासा मेला, असा हिशेब.

पार्टनर म्हणतो, आपण कोण ठरवणारे, झाडं लावा सांगणारी गेम आहे, दारूची जाहिरात तर नाही ना. मला नक्की काय खटकतंय ते मलाच धड सांगता येत नाही, म्हणून इथं टाकतोय.

मंगळवार_पेठ
नाद खुळा धागा. बसलोय.

शिरोली_फाटा
भावा, तुझ्या साहेबाला शिव्या घालायच्या आधी आमची कथा ऐक. मी फौंड्रीत आहे. आमचं कास्टिंग मधल्या व्यापाऱ्यामार्फत जर्मनीला जातं. तिकडनं आता एक्सेल यायला लागल्यात, टनाला किती युनिट वीज लागली, भंगार कुठनं घेता, वापरलेली वाळू कुठं टाकता, कार्बन किती. पहिल्या वर्षी मालकानं ऑफिसातल्या पोराला सांगितलं, भर काहीतरी. पुढच्या वर्षी तिकडनं मेल आला, अभिनंदन, तुमचा कार्बन एकदम निम्म्यावर आलाय, कुठली टेक्नॉलॉजी घेतली ते कळवा. आता काय कळवणार? ऑफिसातलं पोरगं बदललं होतं.

त्यानंतर मात्र भट्टीला वेगळा मीटर बसला आणि तेव्हा कळलं की झाकण उघडं ठेवून गप्पा मारण्यात किती वीज जाते. आता वाळू रिक्लेम करायच्या मशीनची कोटेशनं पण मागवलीत. सांगायचं एवढंच, आकडा मागणारा गिऱ्हाईक असला की कंपनी हलते, शंभर पोस्टर लावून हलत न्हाई. आणि तुझ्या गेमचं गिऱ्हाईक कोण तर पाचवीतलं पोर, ते कसला आकडा मागतंय? मला तर वाटतं म्हणूनच गेम पोरांना द्यायचं ठरलंय.

टाकाळा_चौक
मी वेगळं बोलतो, चालेल का? मी अशाच एका कंपनीत आहे (ही ती नव्हे). लोकांना वाटतं सगळी घाण कारखान्याची. शहराच्या सांडपाण्याचं काय? जयंती नाला ओसंडून थेट नदीत जातो तेव्हा कुणी महापालिकेवर गेम काढत नाही. घाटावर गाड्या धुतात, जनावरं धुतात, निर्माल्य पिशवीसकट फेकतात. आपल्याकडं मूर्तिदान रुजलं ते पोरांनीच घरात हट्ट केल्यामुळं, हे विसरू नका. पोरं शिकली तर घर शिकतं. कंपनी स्वतःच्या पैशानं चार चांगल्या सवयी शिकवत असेल तर त्यात पाप काय आहे? आणि क्लायंटच्या पैशातनं क्लायंटचीच बदनामी कोण करून देतं?

नववी_गल्ली
@टाकाळा_चौक मूर्तिदानाचं पटलं. पण माझ्या नकाशात जयंती नाला होताच की. त्यावर त्यांची काही हरकत नव्हती. महापालिका ठेवा म्हणाले, फक्त मधला तुकडा काढा.

मंगळवार_पेठ
आता कसं बोललास!

लेखा_जोखा
एक आधी विचार: हा खर्च सीएसआरमधनं (कंपनीनं समाजासाठी करायचा खर्च) आहे की मार्केटिंगच्या बजेटमधनं? लाजू नकोस, उत्तरावर बरंच काही अवलंबून आहे.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ५०० कोटी नेटवर्थ, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. २०२१ ला नियम सुधारले त्यात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्यात. स्वतःच्या मालाच्या जाहिरातीला फायदा व्हावा म्हणून केलेली स्पॉन्सरशिप सीएसआर धरायची नाही. आणि दुसऱ्या कुठल्या कायद्यानं जे करणं बंधनकारकच आहे तेही धरायचं नाही. म्हणजे सांडपाणी शुद्ध करून सोडलं हे सीएसआरच्या रिपोर्टात येऊच शकत नाही, ते करावंच लागतं. त्यामुळं गंमत अशी होते की जे खरं महत्त्वाचं ते रिपोर्टात दिसत नाही आणि नदीकाठी टी-शर्ट घालून केलेली स्वच्छता मोहीम रंगीत फोटोसकट दिसते. कायदा चुकीचा नाही, वाचणाऱ्यानं कुठलं पान उघडायचं ते कळलं पाहिजे.

कंपनी शेअर बाजारात असेल आणि पहिल्या १००० मध्ये असेल तर सेबीचा (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी संस्था) बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण-समाजाबाबतच्या जबाबदारीचा रिपोर्ट २०२२-२३ पासून सक्तीचा आहे, त्यात पाणी किती घेतलं किती सोडलं असले प्रश्न असतात. तो काढून वाच. गेमच्या पटकथेपेक्षा मनोरंजक निघेल.

शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगवर मार्गदर्शक तत्त्वं आलीत, नुसतं 'हरित', 'इको-फ्रेंडली' असं पुराव्याशिवाय ठोकून देता येत नाही. गेमच्या शेवटी 'आम्ही नदीचे रक्षक' असा लोगो येणार असेल तर ती पण जाहिरातच झाली की.

रंकाळा_सकाळी
मी आई म्हणून लिहितेय. नदीबद्दल तुम्ही सगळे बोलताय, मला ती पेटी जास्त लागली. माझा मुलगा सहावीत. एका गेममध्ये (नाव नको) असल्याच पेट्या उघडायच्या नादात माझ्या खात्यातनं पैसे गेले. पिन त्याला माहीत होता कारण दूध आणायला मीच फोन देत होते. रागावले तर म्हणतो, आई पुढच्या पेटीत नक्की निघणार होतं. हे वाक्य मी आमच्या गल्लीतल्या मटका लावणाऱ्या काकांच्या तोंडून ऐकलेलं आहे, शब्दाला शब्द तेच.

आणि तो रडका मासा. माझा मुलगा हळवा आहे, तो खरंच झोपणार नाही. आम्ही गावाला गेलो, रेंज नाही, झाड वाळलं, तर तो मला धरणार जबाबदार. नदी मोठ्यांनी घाण करायची आणि अपराधी वाटून घ्यायचं सहावीतल्या पोरानं, हे कुठलं पर्यावरण शिक्षण?

सोंगटी
ताई अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मी गेम डिझाईन शिकवतो म्हणून जरा इस्कटून सांगतो.

कधी काय मिळेल सांगता येत नाही असं बक्षीस ठेवलं की सवय सगळ्यात चिवट लागते, हे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर दाखवून कैक दशकं झाली. लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते नशीब असल्या पेट्या, त्यावरच चालतात. बेल्जियमनं २०१८ मध्ये विकतचे लूट बॉक्स जुगारात धरले. अमेरिकेत २०२२ ला फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सला ५२ कोटी डॉलर मोजावे लागले, त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल आणि साडेचोवीस कोटी फसव्या बटणांमुळं नको ती खरेदी झालेल्यांना परत द्यायला. आपल्याकडंही नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'ची, म्हणजे ॲपमधल्या फसव्या युक्त्यांची, तेरा प्रकारांची यादी सरकारनं काढलीय, खोटी घाई, लाज वाटायला लावणं, सारखी भुणभुण. आता तुमची बियाणं पेटी फुकट आहे, रडका मासा काही विकत नाही, त्यामुळं कायद्याच्या कात्रीत कदाचित सापडणार नाही. पण यंत्र तेच आहे. पोरगं फुकटात सराव करून घेणार आणि विकतच्या पेट्यांच्या गेममध्ये तयार होऊन जाणार.

लीडरबोर्डबद्दल अजून एक. शाळा, इयत्ता, नाव, पालकांचा नंबर, हे सगळं कुणाच्या सर्व्हरवर जाणार? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या खालच्यांसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती लागते, मुलांच्या वागण्यावर पाळत आणि त्यांना टिपून केलेल्या जाहिराती यांना मनाई आहे. अंमल टप्प्याटप्प्यानं होतोय, पण तू आजच नाव न घेता बनव. वर्गाला एक कोड, बास.

पेठवडगाव_एक्स्प्रेस
अवांतर: प्रादा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानला आपलं पायताण दाखवलं तेव्हा पण आधी गप्पच होते, इथनं बोंबाबोंब झाल्यावर कोल्हापुरीचं नाव घेतलं. कंपन्या मागितल्याशिवाय काही देत न्हाईत. चालू द्या.

सोंगटी
आता मूळ प्रश्न, नाल्याचा. गेम काय सांगते ते तिच्या संवादात नसतं, नियमात असतं. खेळणाऱ्याच्या हातात जे बटण दिलं तेवढीच त्याची दुनिया. नदी निळी करायची सगळी बटणं तू घरातच दिलीस तर पोरगं तासभर खेळून हेच शिकणार की नदी घरातल्या नळानं घाण होते. एकही वाक्य खोटं न बोलता खोटं सांगून झालं.

ही युक्ती नवीन नाही. माणसाचा वैयक्तिक कार्बन मोजायचं कॅल्क्युलेटर लोकांपर्यंत जोरात कुणी नेलं तर बीपीनं, २००४ च्या सुमाराला. तेल काढणारी कंपनी विचारतेय की तुम्ही गाडी किती चालवता.

उलटं उदाहरण पण आहे. चीनमध्ये अलीपे या पैसे द्यायच्या ॲपमध्ये २०१६ पासून अँट फॉरेस्ट नावाची गेम आहे, चालत गेलात, बसनं गेलात, बिल ऑनलाइन भरलंत की हिरवी ऊर्जा जमते आणि पुरेशी जमली की खरंच कुठंतरी वाळवंटाकडं झाड लावतात. कोट्यवधी झाडं लागली, २०१९ ला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. आता त्यात पण गोम आहे, पॉइंटसाठी पैसे त्यांच्याच ॲपमधनं द्यावे लागतात, आणि दुसऱ्याची ऊर्जा चोरता येते म्हणून लोक पहाटे उठून मित्रांची झाडं लुटतात. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते, खेळणाऱ्यानं केलं की कंपनीला पण काहीतरी करावं लागतं. तुझ्या गेममध्ये पोरानं हजार नळ बंद केले तर कंपनी काय करणार, हे एकदा विचार साहेबांना.

लेखा_जोखा
आपला मोक्षपट आठवला. सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप. ज्ञानेश्वरांनी केला असं सांगतात. नीतीची गेम म्हणाल तर आपल्याकडं जुनीच आहे.

सोंगटी
@लेखा_जोखा आहेच, पण त्यात फाशानं चालायचं. साप गिळतो तेव्हा तुम्ही काही ठरवलेलं नसतं. नशिबाबद्दल, कर्माबद्दल शिकवायला तो पट उत्तम. जबाबदारी शिकवायची तर खेळणाऱ्याला निर्णय द्यावा लागतो, आणि निर्णयात दोन्हीकडं काहीतरी जायला लागतं. मोनोपोली या जागा विकत घ्यायच्या पटाचं मूळ बघा, लिझी मॅगी नावाच्या बाईनं १९०४ मध्ये पेटंट घेतलं होतं, जमीनदारीनं बाकीचे कसे कंगाल होतात ते दाखवायला. पुढं कंपनीच्या हातात गेली आणि सगळं जग दुसऱ्याला कंगाल करण्यात मजा घ्यायला लागलं.

शिरोळचा_शेतकरी
मी खालच्या अंगाचा. आमच्याकडं काय होतं ते सांगतो, गेममध्ये घालायचं तर घाल.

मळीचं पाणी नदीत आलं की पाण्याला तांबूस-काळा रंग येतो, फेस येतो. त्यातलं सगळं कुजायला लागतं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत्यात. लोक पाट्या घेऊन पळत्यात मासे गोळा करायला, ते खातात पण काही जण. तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच किती वेळा पेपरात आला असंल. मग अधिकारी येतात, बाटलीत पाणी भरून नेतात. आणि मग काय करतात? बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढतात. पाणी पुढं. वरच्या बंधाऱ्याचे काढले की खालच्या बंधाऱ्याला, तिथनं काढले की आणि खाली. वरनं धरणातनं जरा पाणी सोडायचं, पातळ करायचं, ढकलायचं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून साऱ्या महाराष्ट्रानं जो उचलला तो घाण पुढच्याच्या दारात लोटायला वापरायचा.

दोषी कोण तर कुणीच न्हाई. कारखाना म्हणतो नाला गावाचा, गाव म्हणतं शहराचं, शहर म्हणतं प्रोसेसचं. इचलकरंजीला २०१२ मध्ये कावीळ पसरली, माणसं गेली, त्यानंतर आंदोलनं किती झाली. तुझ्या गेममधल्या पोराला आमच्या इथं उभं कर आणि म्हण, तुझा नळ बंद कर. आमचा नळ तर बंदच असतोय, प्यायचं पाणी कॅननं आणतोय आम्ही.

रंकाळा_सकाळी
हे वाचून गप्पच झाले.

नववी_गल्ली
दादा, बरगे काढायचं बटण हीच गेम आहे! म्हणजे खेळणारा एका बंधाऱ्यावर, घाण आली की दोन पर्याय, बरगे काढ म्हणजे तुझ्याकडचे मासे वाचले आणि पॉइंट लगेच, पण ती घाण पुढच्या खेळणाऱ्याच्या पडद्यावर जाणार. किंवा वर जाऊन वॉल्व्ह शोध, त्याला वेळ लागतो, मधल्या काळात तुझे मासे मरतात. आणि सगळ्यात खाली जो असेल त्याला बरगे काढायचं बटणच नाही. वर्गात खेळवली तर बाकाबाकावर भांडणं लागतील.

शिरोली_फाटा
लागूदेत. आणि अजून एक घाल. साखर, डिस्टिलरी असल्या कारखान्यांना सांडपाण्यावर ऑनलाइन मीटर बसवणं सक्तीचं हाय, आकडे थेट प्रदूषण मंडळाकडं जातात. साहेबाला म्हणावं तुमच्याच मीटरचा आकडा गेममध्ये लाइव्ह दाखवूया. चांगला असला तर तुमचीच जाहिरात, फुकटात. बघ काय म्हणतोय.

टाकाळा_चौक
हे कुठलीच कंपनी मान्य करणार नाही, लिहून घ्या. मीटर कधी बंद पडतो, कधी चुकीचं दाखवतो, आणि त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरला की झालं. पण बंधाऱ्याची कल्पना मला आवडली, प्रामाणिकपणे. त्यात महापालिका, कारखाना, गाव, शेतकरी सगळ्यांचे वॉल्व्ह ठेवा. शेतातनं खतं-औषधं वाहून येतात ते पण ठेवा, तेव्हा शिरोळकर रागावू नयेत.

शिरोळचा_शेतकरी
ठेवा की. आम्ही कुठं न्हाई म्हणतोय. आमचा वॉल्व्ह ठेवा, त्यांचा पण ठेवा.

सोंगटी
एक तांत्रिक सूचना. ॲप हलकं ठेव, घरातल्या जुन्या अँड्रॉइडवर चाललं पाहिजे, ऑफलाइन चाललं पाहिजे. फोन वापरण्यापेक्षा नवा बनवण्यातच जास्त कार्बन जातो, आणि नवी गेम चालत नाही म्हणून पोरं फोन बदलायला लावतात. पर्यावरणाच्या गेमपायी फोन बदलला तर कशाला बोंबलायचं. नोटिफिकेशन शून्य. दहा मिनिटांत संपणारा डाव, संपला की संपला.

नववी_गल्ली
अपडेट. काल मीटिंग झाली. पेटी, स्ट्रीक, रडका मासा तिन्ही गेले, त्यासाठी वाद घालावा लागला नाही, डेटा कायद्याचं नाव काढल्यावर त्यांच्या वकिलांनीच यादी खोडली (लेखा_जोखा आणि सोंगटी, तुमचे आभार). लीडरबोर्ड वर्गाच्या कोडवर आला. खर्च सीएसआरमधनं आहे हे पण कळलं, त्यामुळं लोगो पहिल्या पडद्यावरनं काढून शेवटच्या क्रेडिटमध्ये गेला.

बंधाऱ्याचा प्रोटोटाइप दाखवला. साहेब स्वतः खेळले. पहिल्याच घाणीला बरगे काढले! मग खालच्या गावाचा पडदा दाखवला तर थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले कल्पना चांगली आहे पण कारखान्याचा वॉल्व्ह 'दुसऱ्या टप्प्यात' बघू. लाइव्ह मीटरचं विचारलं तर हसले. मी सांगितलं वॉल्व्ह पहिल्याच टप्प्यात, नाहीतर नदीचं नाव पंचगंगा ठेवायचं नाही आणि आमच्या स्टुडिओचं नावही द्यायचं नाही. पार्टनरनं टेबलाखालनं लाथ मारली. सोमवारी कळवतो म्हणालेत.

मंगळवार_पेठ
आणि नाही म्हणाले तर?

नववी_गल्ली
तर बंधाऱ्याचा भाग आमचा आहे, करारात तसं घालून घेतलंय. शाळांना आम्हीच फुकट देऊ, जरा साधी करून. त्यांची नळवाली गेम दुसरं कुणीतरी बनवेल, ते काही मी थांबवू शकत नाही.

शिरोली_फाटा
ते सगळं ठीक हाय. ॲडव्हान्स घेतलास का?

नववी_गल्ली
प्रोटोटाइपचे पैसे आधीच घेतले. फौंड्रीवाल्यांकडनंच शिकलोय.

शिरोळचा_शेतकरी
तयार झाली की आमच्या गावच्या शाळेत पहिली लाव. हेडमास्तरांशी मी बोलतो, फक्त शनिवारी सकाळी या, दुपारी लाईट नसतीया.